मागचा उजवा कोपरा



बंगळुरूतल्या मराठी व्यासपीठावर उभं राहिलं की शहाजीराजांपासून सुरुवात करायची, हा आपल्याकडचा अलिखित नियम. १६३८ साल, बंगळुरूची जहागीर, मग व्यंकोजीराजे, काडु मल्लेश्वराच्या देवळाला दिलेल्या गावाचा १६६९ चा शिलालेख. हे आपल्याला पाठ आहे. आज मी हा नियम मोडतो. त्याच देवळाच्या नावाने वसलेल्या मल्लेश्वरममध्ये, आणि पुढे जयनगर, राजाजीनगर, बनशंकरीमध्ये, घरांच्या मागच्या बाजूला काय चाललंय ते बघायला मी तुम्हाला नेणार आहे. तिथे मोटारीची गॅरेजं आहेत, पत्र्याच्या शेड आहेत, औटहाऊसं आहेत. आणि तिथले नियम लिखित आहेत. फक्त ते कोणी वाचत नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं त्यांनी आयुष्यभर लोकांच्या घरांचे नकाशे काढले आणि मंजूर करून आणले. त्यांना हा विषय हलका वाटला नसता, एवढी माझी खात्री आहे.

पहिल्यांदा एक गैरसमज बाजूला सारू. माझ्याकडे घराच्या कामासाठी येणारी माणसं हमखास म्हणतात, "सर, घराचं प्लॅन सँक्शन करा, मागची शेड आम्ही नंतर टाकून घेऊ. ते काय बांधकाम थोडंच आहे?" चार लोखंडी खांब, वर शीट, सिमेंटचा कणही नाही, उद्या नको झालं तर नटबोल्ट सोडवून काढता येईल. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण १९७६ चा कर्नाटक महानगरपालिका कायदा उघडून बघा. इमारतीच्या व्याख्येत घर आहे, औटहाऊस आहे, तबेला आहे, संडास आहे, शेड आहे, झोपडी आहे, भिंत, कुंपण, व्हरांडा, जोतं, दाराची पायरीसुद्धा आहे. ती विटांची असो, लाकडाची, मातीची, धातूची, नाहीतर आणखी कशाची. कायदा करणाऱ्यांनी पळवाटा आधीच मोजून ठेवल्या होत्या. शेड ही कायद्याने इमारत आहे. तिला कलम २९९ ची परवानगी लागते, आणि परवानगीविना उभी केली तर कलम ३२१ खाली आधी तात्पुरता आदेश, मग कारणे दाखवा नोटीस, मग कायम आदेश, असा पाडण्याचा रस्ता ठरलेला आहे. पुढे २०२० मध्ये बीबीएमपीसाठी, म्हणजे बृहत् बंगळुरू महानगरपालिकेसाठी, वेगळा कायदा झाला, २०२५ मध्ये ग्रेटर बंगळुरूचा झाला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एका पालिकेच्या पाच झाल्या. पाट्या बदलल्या, शेडला मोकळीक काही मिळाली नाही.

आता गॅरेज. बंगळुरू विकास प्राधिकरणाचा, म्हणजे बीडीएचा, २०१५ सालापर्यंतचा सुधारित बृहत् आराखडा २००७ मध्ये मंजूर झाला. २०३१ पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा २०१७ मध्ये आला आणि नंतर मागे घेतला गेला, त्यामुळे शहराचा गाडा अजून त्या जुन्याच आराखड्यावर चालतो. त्याच्या नियमावलीत स्वतंत्र गॅरेजविषयी चार-पाच ओळी आहेत. गॅरेज बांधायचं ते प्लॉटच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात. तेही त्या बाजूचा सेटबॅक, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला सामासिक अंतर म्हणतात तो, किमान ३ मीटर असेल तरच. रुंदी जास्तीत जास्त ४ मीटर, खोली ६ मीटर. रस्त्यांच्या चौकापासून ५ मीटरच्या आत गॅरेज नाही. कोपऱ्याचा प्लॉट असेल तर चौकाच्या तिरकस विरुद्ध, मागच्या कोपऱ्यात.

मी शिकाऊ असताना हे वाचून हसलो होतो. उजवाच कोपरा का? डाव्याने काय घोडं मारलं? पुढे नकाशांवर नकाशे काढताना त्यातली अक्कल कळली, निदान मी तिचा अर्थ असा लावतो. रस्त्याच्या एका बाजूला ओळीने दहा घरं धरा. प्रत्येकाचं गॅरेज मागे उजवीकडे गेलं तर प्रत्येकाची डावी बाजू मोकळी राहते. म्हणजे तुमच्या गॅरेजच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा मोकळा पट्टा येतो, त्याचं गॅरेज येत नाही. दोन गॅरेजं पाठीला पाठ लावून बसत नाहीत, हवा अडत नाही, कुठे आग लागलीच तर ती एका छपरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही. कोणाला उजवा, कोणाला डावा अशी मुभा दिली असती तर ही साखळी पहिल्याच तीन घरांत तुटली असती. चौकापासून लांब ठेवण्याचं कारण तर उघडच आहे: वळणावर गाडी मागे घेणाऱ्याला समोरून येणारा दिसला पाहिजे. आखणाऱ्याने इथे शेजाऱ्याचा विचार केला होता, आणि नगररचनेच्या कागदांत ही गोष्ट वाटते तितकी वारंवार सापडत नाही.

पण हा नियम कोणत्या घरासाठी लिहिला? जरा गणित करा. बंगळुरूत प्लॉटला साईट म्हणतात, आणि मध्यमवर्गाची साईट म्हणजे थर्टी-फॉर्टी. तीस बाय चाळीस, १,२०० चौरस फूट, साधारण १११ चौरस मीटर. नियमात बसणारं मोठ्यात मोठं गॅरेज २४ चौरस मीटरचं. जमिनीचा पाचवा हिस्सा गाडीला गेला. वर तीस फुटांच्या, म्हणजे सव्वानऊ मीटरहूनही कमी रुंदीच्या साईटवर उजवीकडे ३ मीटर सोडायचे. रुंदीचा तिसरा हिस्सा गाडीच्या वाटेत गेल्यावर उरतं त्यात डावा सेटबॅक वजा करून घर बसवून दाखवा. कागदावर हा नियम गॅरेजला परवानगी देतो. थर्टी-फॉर्टीवर त्याचा अर्थ मनाई असाच होतो, फक्त तसं कुठे म्हटलेलं नाही. सिक्स्टी-फॉर्टीवर कसंबसं जमतं. खरा तो शोभतो पन्नास बाय ऐंशीला आणि त्याहून मोठ्या बंगल्यांना.

त्याचं मूळही बंगल्यातच आहे. जुन्या पेटेत, म्हणजे चिक्कपेट, बळेपेट, अव्हेन्यू रोडच्या आसपास, घरं भिंतीला भिंत लावून उभी. तिथे सेटबॅक नावाची वस्तूच नव्हती. १८०९ मध्ये इंग्रजांची छावणी वसली आणि मोठ्या कंपाउंडमधला बंगला आला. समोर पोर्च, मागे तबेला, बग्गीखाना, नोकरांच्या खोल्या. घोड्यांचा वास दिवाणखान्यात येऊ नये म्हणून तबेला मागच्या टोकाला. घोडे गेले, मोटार आली, पण जागा तीच राहिली. मोटारीला वास नव्हता, तरी तिला मागे जावं लागलं. १८९८ च्या प्लेगच्या काळात बसवनगुडी आणि मल्लेश्वरम आखले गेले, ते मोकळी हवा हवी म्हणून. तिथे दोन रांगांच्या पाठीमागे सफाईच्या गल्ल्या ठेवल्या होत्या, कन्झर्वन्सी लेन. ड्रेनेज आल्यावर त्या गल्ल्यांचं काम संपलं आणि दोन्हीकडून मागच्या शेड हळूहळू त्यांत सरकल्या. मग १९४५ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड झालं, १९४८ मध्ये जयनगरची सुरुवात झाली, १९७६ मध्ये बीडीए आलं. दर पिढीला साईट लहान होत गेली. गॅरेजचा नियम मात्र बंगल्याच्याच मापाचा राहिला.

जो नियम पाळताच येत नाही तो लोक मोडतात, आणि एकदा मोडायचाच ठरला की नीट मोडतात. तीन मीटर सोडता येत नाहीत ना? मग एक तरी कशाला सोडायचा? उजवा सेटबॅक सरळ शीटने झाकला, पुढे शटर लावलं, झालं गॅरेज. शीटचा उतार शेजाऱ्याच्या बाजूला. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी त्याच्या भिंतीवर. माझ्याकडे आलेल्या शेजारभांडणांत हद्दीच्या दोरीपेक्षा हे पन्हाळीचं पाणी कितीतरी जास्त वेळा आलं. गंमत म्हणजे याच शहरात २००९ पासून पावसाचं पाणी साठवणं कायद्याने सक्तीचं आहे, नव्या थर्टी-फॉर्टी घरांनाही. ज्या पट्ट्यात पाणी मुरायचं, जमिनीखालच्या टाकीत, संपमध्ये, उतरायचं, तोच पट्टा फरशी आणि शीटने बंद.

मग काही वर्षांनी गाडी रस्त्यावर येते आणि गॅरेजमध्ये माणूस जातो. कधी इस्त्रीवाला, कधी शिंपी, कधी टिफिनचं स्वयंपाकघर, आणि बहुतेक वेळा भाडेकरू. शटर काढून दार बसवलं, कोपऱ्यात बाथरूम घातलं, "सिंगल रूम, औटहाऊस" अशी पाटी लावली. उन्हाळ्यात सिमेंटच्या शीटखाली दुपार कशी जाते ते तिथे राहिलेल्यालाच विचारा. खिडकी असलीच तर ती हद्दीच्या भिंतीकडे, हातभर अंतरावर. नोकरीच्या पहिल्या वर्षांत या शहरात आलेल्या आपल्या कितीतरी पोरांनी असे दिवस काढले आहेत आणि ते त्याबद्दल प्रेमाने बोलतात. मला ते प्रेम समजतं, पण त्या खोलीला एकच दार होतं आणि दाराशीच गॅसची शेगडी होती, हे ते विसरतात.

इथे कोणीतरी मला बायोकॉनची आठवण करून देणारच. १९७८ मध्ये किरण मजुमदार यांनी बंगळुरूत भाड्याच्या घराच्या गॅरेजमधून, दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरुवात केली, आणि पहिला कारखाना जवळच्याच ३,००० चौरस फुटांच्या शेडमध्ये. गॅरेज आणि शेड, आपल्या आजच्या विषयातल्या दोन्ही वस्तू एकाच गोष्टीत! पालो आल्टोत अॅडिसन अॅव्हेन्यूवरचं ह्युलेट आणि पॅकार्ड यांचं गॅरेज तर कॅलिफोर्नियाने १९८७ मध्ये ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं. मला या कथा आवडतात. मात्र त्यांच्या आधारे "गॅरेजला नियम नकोत, त्यातून उद्योग जन्मतात" असं कोणी म्हणू लागलं की मी थांबवतो. एका गॅरेजमधून कंपनी निघते आणि हजारोंमधून घामाघूम माणूस. नियम त्या हजारांना डोळ्यापुढे ठेवून करायचा असतो.

सरकारने काय केलं? माफी. अक्रम-सक्रम नावाने ओळखली जाणारी योजना, नगर आणि ग्रामरचना कायद्याच्या ७६ एफएफ कलमाखालची. १९ ऑक्टोबर २०१३ पूर्वीच्या बांधकामांत निवासी इमारतीचं उल्लंघन ५० टक्क्यांपर्यंत आणि इतर इमारतींचं २५ टक्क्यांपर्यंत दंड भरून नियमित करायचं. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये योजना उचलून धरली आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. या सगळ्यातून लोकांनी एकच धडा घेतला: आत्ता बांधा, माफी आज ना उद्या येतेच. महाराष्ट्राने नाक वर करायचं कारण नाही. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. मुदत पुढे सरकून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. माफीची मुदत पुढे ढकलली जाते तेव्हा नियम पाळून सेटबॅक सोडणारा माणूस मूर्ख ठरतो. त्याला कोणी त्या सोडलेल्या पट्ट्याचे पैसे परत देत नाही.

आणि माफी सगळ्यांना सारखी मिळत नाही. जानेवारी २०२० मध्ये बेल्लंदूरजवळच्या करियम्मन अग्रहारात मजुरांच्या शेड जमीनदोस्त झाल्या. पत्रे, निळी ताडपत्री, बांबू. तिथे बांगलादेशी राहतात असा संशय होता. प्रत्यक्षात राहणाऱ्यांत उत्तर कर्नाटकातली, आसाम-त्रिपुरा-बंगालकडची भारतीय माणसंच होती. अनेकांनी ओळखपत्रं काढून दाखवली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने या कारवाईला बेकायदा ठरवलं. त्या शेड नियमात बसत होत्या का? नसतील. पण जयनगरातल्या गॅरेजच्या शेडला नोटीस, सुनावणी, अपील आणि वर दंड भरून सुटायची आशा. तिकडे मजुरांच्या शेडला एका सकाळी जेसीबी. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याचं ३४ वं कलम सांगतं की मालकाने कामगारांना कामाच्या जागी किंवा जवळ तात्पुरतं घर फुकट द्यायचं, वेगळ्या स्वयंपाकाची, न्हाणीची, संडासाची सोय करून. हे कलम पाळलं असतं तर अशा काही शेड तरी उभ्या राहिल्या नसत्या. आपली शेड म्हणजे सोय आणि त्यांची म्हणजे अतिक्रमण, असं मानणारं शहर आपणच चालवतो, म्हणून हे आपल्यासमोर बोललो.

बाहेर काय करतात तेही थोडं बघू. इंग्लंडमध्ये घरामागची एकमजली शेड किंवा गॅरेज बऱ्याचदा परवानगी न मागता बांधता येतं, पण अटी स्पष्ट आहेत: घराच्या दर्शनी बाजूच्या पुढे नाही, घराभोवतीच्या जागेच्या निम्म्याहून जास्त व्यापायची नाही, आणि हद्दीपासून २ मीटरच्या आत असेल तर उंची अडीच मीटरपेक्षा जास्त नाही. मुलांकडे कॅलिफोर्नियात जाऊन आलेल्यांनी मागच्या अंगणातली लाकडी शेड पाहिली असेल. तिथे १२० चौरस फुटांपर्यंतच्या साध्या शेडला बांधकाम परवाना लागत नाही. लागतो तो तिच्यात वीज-पाणी आणलं की. त्याच राज्याने २०१७ पासून गॅरेजचं राहतं घर करायला कायद्याने वाट करून दिली, पण राहण्याजोग्या खोलीच्या अटी घालून. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत आणि तिच्यावर बेतलेल्या महाराष्ट्रातल्या नियमांतही मागच्या कोपऱ्यातलं २.४ मीटर उंचीपर्यंतचं बंद गॅरेज आहे. जपानची तऱ्हा आणखी निराळी. तिथे १९६२ च्या कायद्याने, गाडी ठेवायची जागा दाखवल्याशिवाय मोटार घेता येत नाही. आपल्याकडे हा विचार अधूनमधून कोणीतरी मंत्री बोलून दाखवतो, २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनीही दाखवला, आणि मोटारी पुढे जात राहतात. बंगळुरूत नोंदलेली वाहनं एक कोटीच्या पुढे गेली आहेत. ती उजव्या कोपऱ्यात मावणार नाहीत, हे मी मान्य करतो.

अलीकडचे दोन बदल चिंतेचे आहेत. २०२४ मध्ये 'नंबिके नक्शे' आली. ४,००० चौरस फुटांपर्यंतच्या साईटवर नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरने दिलेल्या नकाशाला विश्वासावर, ऑनलाइन, चटकन मंजुरी. मी तिचं स्वागत केलं, खेटे वाचले. दुसरा बदल भोगवटा प्रमाणपत्राचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये प्रमाणपत्राविना वीज-पाणी नको म्हटलं, जोडण्या अडल्या, ओरड झाली, आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने १,२०० चौरस फुटांपर्यंतच्या साईटवरच्या छोट्या घरांना त्या प्रमाणपत्रातून सूट दिली. अडलेल्या लोकांची सोय झाली, हे खरं. पण दोन्ही एकत्र वाचा: आधी नकाशा विश्वासावर, नंतर तपासणीच नाही. शहरातल्या सर्वात दाटीच्या साईटवर मागे काय उभं राहिलं, हे बघायला आता कोणी येणारच नाही.

म्हणून मला वाटतं, मोठ्या नियमांच्या भानगडीत न पडता एक छोटा नियम करावा, जो लोक खरोखर पाळतील. १० चौरस मीटरपर्यंतची, २.४ मीटरपेक्षा कमी उंचीची, नटबोल्टची, काढता येणारी शेड परवानगीशिवाय चालेल. अट एवढीच की ती पुढच्या सेटबॅकमध्ये नको, शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर आत हवी, छपराचा उतार स्वतःच्या अंगणात हवा आणि तिच्यात कोणी राहायचं नाही. सायकल ठेवा, बागेचं सामान ठेवा, देवघरातली जुनी समई ठेवा. जिथे माणूस राहणार तिथे मात्र निराळा हिशेब: उघडणारी खिडकी, संडास, आणि शेगडीपासून दूर असलेलं दार. हे असेल तर औटहाऊसला रीतसर नोंदणी द्या, मालकाला भाडं उघडपणे घेऊ द्या आणि भाडेकरूला पावती मिळू द्या. हे नसेल तर भाडंच नाही. आणि गॅरेजचा जुना नियम? चाळीस फुटांहून अरुंद साईटवर तो सरळ लागू नाही असं लिहून टाका. ज्या साईटवर गाडी ठेवता येत नाही तिथे ती ठेवता येते असं कागदाने भासवू नये.

एका मुद्द्यावर माझ्या व्यवसायातली मंडळी माझ्यावर रागावतील. नंबिके नक्शेखाली सही करणाऱ्याने घर पूर्ण झाल्यावर एकदा जाऊन मागची बाजू बघावी आणि दिसलं ते लिहावं. विश्वासावर नकाशा मंजूर होतो तेव्हा तो विश्वास आपल्या सहीवर असतो. मागच्या शेडबद्दल "ते क्लायंटने नंतर केलं" हे उत्तर मीही आयुष्यभर ऐकत आलो, आणि आमच्यापैकी कितीजण ती शेड मनात धरूनच पुढचा नकाशा काढतात हे मला माहीत आहे.

पाचही पालिकांना आज ना उद्या आपापले इमारत नियम करावे लागतील. मसुदे प्रसिद्ध होतील, हरकती आणि सूचना मागवल्या जातील. त्या जाहिराती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येतात. आल्या की वाचा आणि हरकत पाठवा. कन्नडमध्ये पाठवा. आपल्यापैकी पुष्कळांना कन्नड लिहिता येतं. ज्यांना येत नाही त्यांनी शेजाऱ्याकडून लिहून घ्या. मात्र तुमच्या शेडचं पाणी त्याच्या भिंतीवर पडत असेल तर आधी ती पन्हाळ फिरवा, मग कागद घेऊन त्याच्या दारी जा.